पालथा पेला

१

शनिवार, दहा मे. सकाळचे सात चाळीस. इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवराच्या पूर्व काठावरच्या बोटहाऊसचं कुलूप फिओना पॉसलथ्वेट यांनी उघडलं, तेव्हा खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी ओघळत होतं.

वाफेवर चालणारी बोट 'मेरियन' जागेवर होती. दोर बांधलेले होते. दाराला, कुलपाला ओरखडा नव्हता. पण बॉयलरच्या भट्टीत कोळशाचा ओला चिखल झाला होता आणि भट्टीच्या छतातलं शिशाचं बूच वितळून गेलं होतं.

हे बूच म्हणजे बॉयलरची शेवटची राखण. पाणी भट्टीच्या छताखाली उतरलं की बूच वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि आग विझवते. बॉयलर फुटत नाही, जवळचा माणूस वाचतो. वितळलेल्या बुचाचा अर्थ एकच निघतो: पुरेसं पाणी नसताना कोणीतरी आग पेटवली होती.

फिओना या बोटी सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या व्यवस्थापक. त्यांनी पहिला फोन मेरियनच्या चालकाला केला. शशिकांत पेडणेकर, वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी माझगावच्या गोदीत फिटर, नंतर मालवाहू जहाजांवर इंजिनिअर. बायको गेल्यावर ते लंडनच्या इल्फर्ड भागातलं घर मुलाला देऊन इथे आले आणि अकरा वर्षं खपून त्यांनी ही बोट पुन्हा पाण्यावर आणली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मोसमाची पहिली फेरी होती.

पेडणेकर आले. दारातूनच त्यांनी भट्टी पाहिली.

"काल संध्याकाळी मी आग काढून, राख थंड करून गेलो," ते म्हणाले. "हे माझ्या हातचं नाही."

मग ते एकटे बोटीत उतरले. बाहेर आले ते बऱ्याच वेळाने, आणि वेगळंच बोलत.

"फिओना, लिहून घे. माझीच चूक आहे. निखारे राहिले असणार."

२

विमा कंपनीने सोमवारी कल्याणी मेश्राम यांना पाठवलं. जन्म नागपूरचा, घर कार्डिफला, काम बोटींच्या नुकसानीची तपासणी. आवाज चढवायचा नाही आणि समोरचा बोलत असताना मधे बोलायचं नाही, या दोन सवयींवर त्यांची वीस वर्षं निभावली होती.

फिओनांनी त्यांना ऑफिसात बसवलं. भिंतीवर जुने फोटो होते. रेल्वे सरोवरापर्यंत आली आणि मागोमाग मँचेस्टरच्या गिरणीमालकांचे बंगले काठावर उभे राहिले. सकाळी बंगल्याच्या धक्क्यावरून स्वतःच्या स्टीमबोटीत बसायचं, बोटीतच न्याहारी करायची आणि पलीकडे स्टेशनवर उतरून गाडी धरायची, असा त्यांचा दिवस सुरू होई. मेरियन अशाच एका मालकाने १८९८ साली बांधून घेतली होती.

"पेडणेकरांनी कबूल केलंय," फिओना म्हणाल्या. "मग आता तपासायचं काय राहिलं?"

"कबुली खरी आहे का, ते. ती मान्य केली तर काय होईल?"

"त्यांचा परवाना कायमचा जाईल. विमा मिळणार नाही. आणि मेरियनमध्ये आम्ही बॅटरीवरची मोटर बसवू." फिओनांनी टेबलावरचा नकाशा उलटा करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. मोटरचा आराखडा होता तो, तारीख मार्चची. "हो, माझाच प्रस्ताव आहे. कोळसा महाग, धूर लोकांना नको. पण त्यासाठी मी बॉयलर जाळीन असं वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखत नाही."

"मी कोणालाच ओळखत नाही," कल्याणी म्हणाल्या. "सोपं जातं."

बोटहाऊसमध्ये जाऊन त्यांनी भट्टीतला चिखल पत्र्यावर काढून घेतला आणि लाकडी काडीने पसरला. त्यात अर्धवट जळलेल्या चिपा होत्या, गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा काळा बोळा होता. वरचा कोळसा जेमतेम धरलेला होता.

राहिलेल्या निखाऱ्यांना चिपा लागत नाहीत. आग नव्याने रचली होती, पद्धतशीर.

गुन्हा नाकारायला खोटं बोलणारे लोक कल्याणींनी पुष्कळ पाहिले होते. हा माणूस खोटं बोलून गुन्हा पदरात घेत होता.

३

राज ट्रस्टचा पगारी मेकॅनिक. जन्म कॉव्हेंट्रीचा, आईवडील साताऱ्याचे. चालकाच्या जागेसाठी त्याचा अर्ज दोनदा परत आला होता, कारण मेरियनला चालक होता.

"ऑनेस्टली, मला काकांची जागा हवी आहे," तो स्वतःहूनच म्हणाला. "पण अशी नको. अशी घेतली तर लेकवर कोणी माझ्याशी बोलणार नाही."

"चाव्या कोणाकडे?"

"फिओना, काका आणि मी. शुक्रवारी रात्री मी केंडलला बहिणीकडे होतो. सॅटर्डे ब्रेकफास्ट पण तिथेच. तिला विचारा, ती माझ्या बाजूने कधीच खोटं बोलत नाही."

कल्याणी हसल्या आणि बोटीत उतरल्या. भट्टीजवळ तांब्याचं एक देखणं भांडं होतं, खाली तोटी, वर झाकण.

"हे काय?"

राजचा चेहरा उजळला. "विंडरमिअर केटल! आतून पाइपची वेटोळी जातात. बॉयलरची वाफ त्यातून सोडली की केटलमधलं पाणी क्षणात उकळतं. त्या काळी गिरणीवाल्यांच्या बायका पाहुण्यांना दाखवायच्या म्हणे, आमच्या बोटीवर चहा बघा कसा होतो."

कल्याणींनी झाकण काढलं आणि नाक जवळ नेलं. वेटोळ्यावर तपकिरी खरपुडी धरली होती. आंबूस वास, आणि त्याखाली दुसरा, तिखट, घरचा.

"राज, यात दूध घालतात?"

"काय?" तो वाकला आणि एकदम मागे झाला. "ओ नो. यात दूध? रूल नंबर वन आहे, केटलमध्ये फक्त पाणी! दूध पाइपला करपतं, मग सगळी कॉइल खोलून घासावी लागते. काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलंय. इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे."

"आणि आलंही घातलंय."

राजने पुन्हा केटलमध्ये नाक घातलं.

कल्याणींची नजर भट्टीच्या दारावरच्या फळीवर गेली. ट्रस्टचे निळे मग खिळ्यांना ओळीने टांगलेले होते, कोरडे, धूळ बसलेले. फळीवर मात्र एक स्टीलचा पेला होता. त्याच्या तळाशी चहाचं वाळलेलं वर्तुळ होतं.

"हा कोणाचा?"

"काकांचा. असतोच तिथे." राजने डोकं खाजवलं. "पण काका त्यातून चहा पीत नाहीत. फॉर दॅट मॅटर, काहीच पीत नाहीत. नुसता ठेवलेला असतो."

काहीच न पिण्यासाठी कोणी पेला ठेवतं का?

४

पेडणेकरांचं घर चढावर, दोन खोल्यांचं. कल्याणी येणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता.

"मेश्राम म्हणजे विदर्भातल्या तुम्ही. या. तुमच्याकडच्या कापसावर ही सगळी सरोवराची श्रीमंती झाली बघा. वऱ्हाडातला कापूस लँकेशायरच्या गिरणीत, आणि गिरणीचा नफा आमच्या मेरियनच्या पितळेत."

"म्हणजे बोटीत माझाही वाटा आहे."

"मोठा आहे! तरी तिकीट काढावं लागेल."

दोघंही हसले. मग त्यांनी कबुलीचं पाठांतर सुरू केलं. कल्याणींनी ते पूर्ण होऊ दिलं.

"भट्टीत चिपा सापडल्या, पेडणेकर. निखाऱ्यांची गोष्ट राहू दे. शुक्रवारी संध्याकाळी बॉयलरमध्ये पाणी किती होतं?"

खोटं सांगणं त्यांना जमलं असतं. पण प्रश्न यंत्राचा होता आणि यंत्राबद्दल खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"कमी. पहिल्या फेरीआधी मी जुनं पाणी बदलतो. शुक्रवारी बरंचसं सोडून दिलं. शनिवारी सकाळी ताजं भरणार होतो."

"पण पातळी दाखवणारी काचेची नळी अर्धी भरलेली आहे. मी आज पाहिली."

"नळीचे कॉक, म्हणजे तिच्या वरखालच्या तोट्या, मी रोज बंद करून जातो. एकदा रात्रीत काच तडकली आणि बॉयलर रिकामा झाला, तेव्हापासून. कॉक बंद असले की नळीतलं पाणी नळीतच राहतं. आत थेंब नसला तरी नळी अर्धीच दिसणार. म्हणून पेटवण्याआधी कॉक उघडून नळी वाहती करून बघायची असते. शिकलेला माणूस ते करतोच."

"आणि अर्धवट शिकलेला?"

पेडणेकरांनी शर्टाची बाही नीट केली.

"बॉयलर रिकामा आहे हे दुसऱ्या कोणाला कळावं म्हणून तुम्ही काय केलं होतं?"

"दुसरं कोण पेटवणार होतं?" ते उठले. "पाणी देतो तुम्हाला."

ओट्यावर स्टीलची घागर होती. तिच्या झाकणावर एक पेला पालथा घातलेला होता. पेडणेकरांचा हात घागरीकडे गेला आणि अर्ध्यातून वळून नळाकडे गेला.

"घागर रिकामी आहे वाटतं," कल्याणी म्हणाल्या. "तुम्ही तर झाकण उचलूनही पाहिलं नाही."

नळ वाहत राहिला. पेडणेकरांनी तो बंद केला नाही आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

५

पुढचं सगळं कल्याणींनी धक्क्यावरच्या बाकावर बसून जुळवलं.

पेटवणारा आग रचायला शिकलेला होता. नळी बघायची हे त्याला माहीत होतं, कॉक उघडायचे हे माहीत नव्हतं. म्हणजे कधीकाळी शेजारी उभं राहून पाहिलेला माणूस. केटलमध्ये त्याने दूध घातलं. म्हणजे तो या सरोवरावरचा नाही. फिओना नाही, राज नाही, पेडणेकर तर नाहीतच. पण चहा म्हणजे दूध, साखर आणि आलं एकत्र उकळायचं, हे त्याच्या हातात बसलेलं आहे. कुलूप त्याने चावीने उघडलं. आणि निळे मग समोर टांगलेले असताना त्याने हात घातला तो स्टीलच्या पेल्याला. लहानपणापासून ज्याला तो आपला वाटतो, त्यानेच.

घागरीवरच्यासारखाच पालथा ठेवून गेलेला फळीवरचा पेला बापाने सुलटा पाहिला, केटलचं झाकण काढून वास घेतला आणि बोटीतून बाहेर येऊन कबुली दिली.

कल्याणींनी इल्फर्डला फोन लावला. पेडणेकरांचा मुलगा समर, लंडनच्या एका कौन्सिलमध्ये इमारतींच्या आगसुरक्षेचा अधिकारी.

"मिस्टर पेडणेकर, एकच विचारायचं आहे. तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात बोटहाऊसची चावी आहे का?"

पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या.

"आहे," समर म्हणाला. "बोट पेंट केली तेव्हा बाबांनी दिली होती. मी उद्या येतो. प्लीज, बाबांना मीच सांगणार."

"त्यांना माहीत आहे."

"काय?"

"शनिवारी सकाळपासून."

६

मंगळवारी दुपारी चौघंजण मेरियनजवळ उभे होते. सरोवरावर पर्यटकांच्या बोटी चालल्या होत्या. समर चाळिशीचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा. तो मराठीत सुरुवात करी आणि अडला की इंग्रजीत शिरे.

"बाबा सगळ्यांना सांगतात, समरला बोटमध्ये इंटरेस्ट नाही. मला एकदा दाखवायचा होता. संडेला येतो म्हणालो आणि फ्रायडेला नाइट ड्राइव्ह करून आलो. उजाडलं तसा आत गेलो. मला वाटलं, बाबा येतील तेव्हा स्टीम रेडी, चहा रेडी." त्याने केटलकडे पाहिलं. "नळी हाफ फुल होती. आय चेक्ड. चहा झाला. मी एक पेला प्यायलो. मग एकदम मोठा आवाज आला, सगळीकडे वाफ, आणि आग गेली. मी घाबरलो. कुलूप लावून पळालो. माझा चूक आहे."

"माझी," पेडणेकर पुटपुटले. "चूक ती असते."

"बाबा, आत्ता?"

राज दुसरीकडे बघत हसू दाबत होता. मग पेडणेकरांनी मुलाच्या दंडाला हात लावला, भाजलंय का ते पाहिलं आणि हात तिथेच ठेवला.

"तू उभा कुठे होतास? बूच गेलं तेव्हा?"

"दाराच्या साइडला."

"समोर नव्हतास."

"नाही."

"मग झालं."

कल्याणींनी पिशवीतून पेला काढला. "पेडणेकर, हा फळीवर कसा ठेवून गेला होतात?"

"पालथा," ते म्हणाले. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "गोदीत आमची तीच खूण. पाट्या वाचता न येणारे पुष्कळ होते. बॉयलरवर पेला पालथा असला म्हणजे आत पाणी नाही, हात लावायचा नाही. मुकादमसुद्धा लावत नसे. ती सवय मला घरी घागरीपर्यंत चिकटली."

राजने श्वास सोडला. "म्हणजे तो पेला पाटी होती. आणि समरने पाटीतून चहा घेतला."

कोणीच हसलं नाही.

"आता नीट ऐका," कल्याणी म्हणाल्या. "कंपनी मला एकच गोष्ट विचारणार. ही खूण तुमच्याशिवाय कोणाला माहीत होती? कोणालाच नसेल, तर ती सूचना ठरत नाही. रिकामा बॉयलर सूचनेशिवाय सोडला असा अर्थ होईल. परवाना जाईल, मेरियनवर मोटर बसेल."

"आणि माहीत असेल तर?" समरने विचारलं.

"तर माहीत असलेल्या माणसाने धोक्याची खूण हटवून आग पेटवली. पेडणेकर सुटतील, बोटीला विमा मिळेल. पण आगसुरक्षेच्या अधिकाऱ्याने असं केलं हे तुमच्या कौन्सिलला कळवावं लागेल."

"मला माहीत होतं," समर लगेच म्हणाला.

"खोटं!" पेडणेकरांचा आवाज बोटहाऊसमध्ये घुमला. "मी याला कधी सांगितलं नाही. गोदीतल्या गोष्टी मी घरी आणल्याच नाहीत. हा लंडनात जन्मला, नळाचं पाणी प्यायला, याला घागर काय माहीत?"

"आई ठेवायची. इल्फर्डच्या किचनमध्ये. फिल्टरवर, पालथा. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं होतं, बाबांची खूण आहे."

"तिने कधी ठेवला नाही."

"तुम्ही शिपवर असायचे, बाबा. वर्षात नऊ महिने. तुम्हाला काय माहीत ती काय ठेवायची?"

पेडणेकर बोटीच्या कडेला टेकले.

कल्याणींनी समरकडे वळून विचारलं, "माहीत होतं, तर उचलला का?"

"कारण..." तो पेल्याकडे पाहत राहिला. "कारण बाबांचा होता. आणि नळी हाफ फुल होती. मला वाटलं, सवयीने ठेवलाय."

हे उत्तर खरं असू शकत होतं. रात्रभराच्या ड्राइव्हमध्ये जुळवलेलंही असू शकत होतं. समरच्या आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. तिसरा साक्षीदार नव्हता.

दोघांनीही आपापली जबानी दिली. दोघांनीही ती वाचून, एक शब्द न बदलता सही केली. प्रत्येकाने सगळा दोष स्वतःकडे घेतला होता, आणि दोन्ही जबान्या एकदम खऱ्या असणं शक्य नव्हतं.

शुक्रवार, तेवीस मेपर्यंतची स्थिती अशी आहे. मेरियन धक्क्याला बांधलेली आहे. फिओनांनी मोटरची मागणी थांबवली आहे, रद्द केलेली नाही. केटलची कॉइल समरने दोन दिवस राहून खोलली आणि घासली. बाप शेजारी स्टुलावर बसून चुका काढत होता. कार्डिफला कल्याणी मेश्राम यांच्या टेबलावर दोन्ही जबान्या आणि स्टीलचा पेला आहे. कंपनीने सकाळी एका ओळीत विचारलं आहे, यातली खरी कोणती. उत्तराची मुदत सोमवारपर्यंत आहे. उत्तर अजून गेलेलं नाही.